पंखा घेताना नुसता सीएफएम बघू नका
कॉम्प्युटरच्या कॅबिनेटसाठी पंखा घ्यायला गेलं की दुकानदार आधी सीएफएम दाखवतो, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. हा आकडा पंखा पूर्ण वेगात, समोर काहीच आडवं नसताना मोजलेला असतो. आपल्या कॅबिनेटला मात्र पुढे जाळी आणि तिच्यामागे धुळीचा फिल्टर. लिक्विड कूलरच्या रेडिएटरवर किंवा दाट जाळीमागे बसवायचा असेल, तर स्टॅटिक प्रेशर, म्हणजे अडथळ्यातून हवा रेटायची ताकद, जास्त असलेला पंखाच कामाचा.

आवाजाचं गणित जरा गमतीचं आहे. वेग निम्मा केला की हवा साधारण निम्मी होते, पण आवाज १५ डेसिबलच्या आसपास उतरतो. उलट तसाच दुसरा पंखा शेजारी लावला, तर वाढतात जेमतेम ३ डेसिबल. म्हणून एकाला पळवण्यापेक्षा दोन सावकाश फिरवा. जागा असेल तर १२० ऐवजी १४० मिलिमीटरचा घ्या. आणि चार पिनांच्या कनेक्टरचाच. त्याला बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, तापमानाप्रमाणे वेग ठरवून देता येतो. माझे दोन्ही मिनिटाला ८०० फेऱ्यांवर फिरतात, छताचा पंखा दोनवर असला तरी त्यांच्यापेक्षा जास्त ऐकू येतो.

फिल्टर मात्र महिन्यातून एकदा झटका. तो धुळीने बुजला की महागातला पंखाही नुसताच घोंघावतो.