गाय गाभडली? आधी हात मागं घ्या

सातव्या-आठव्या महिन्यात चांगली धडधाकट गाय अचानक गाभडली की घरात पहिलं काय निघतं, शेजारच्या म्हशीनं शिंग मारलं असेल, नाहीतर चारा बाधला, नाहीतर नजर. असेलही तसं. पण शेवटच्या तीन महिन्यांत गाभ गेला आणि वर वारही अडकली तर आधी ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरातून माणसाला लागणारा जंतूंचा रोग, धरूनच चालायचं, तपासणीत नाही निघाला तर सुटलो.

हे एवढं ठासून सांगतोय कारण आमच्या वडलांनी अशीच अडकलेली वार उघड्या हातानं ओढून काढली होती, बोटाला खुरप्याची चीर होती पण अशा वेळी कोण बघतंय. तीनेक आठवड्यांनी ताप सुरू. संध्याकाळी चढायचा, रात्री घामानं गोधडी ओली, सकाळी माणूस बरा, आणि कंबर अशी धरायची की बादली उचलवेना. टायफॉइड म्हणून दोनदा गोळ्या झाल्या, मग टीबीची शंका, दोन महिने असेच गेले आणि शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, घरी जनावरं आहेत का काका? तोवर आम्हीही कुणाला ते सांगितलं नव्हतं.

तर करायचं काय. हात घालायचा नाही, ही पहिली गोष्ट. कृत्रिम रेतनवाले वापरतात ते खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे जनावरांच्या औषधाच्या दुकानात मिळतात, एक पाकीट गोठ्यात टांगूनच ठेवा. तोंडाला मास्क लावा, डोळ्यात शिंतोडे जाऊ देऊ नका, कारण हे जंतू जखमेतून जातात तसे डोळ्यातून आणि श्वासातूनही जातात. घरात गरोदर बाई असेल तर तिला त्या दिवशी गोठ्यात पाठवूच नका, झाडायलाही नाही, पोरांनाही लांब ठेवा. वार अडकलीय तर ती डॉक्टरांचं काम, सरकारी दवाखान्यात सांगा नाहीतर १९६२ या जनावरांच्या मदत क्रमांकावर फोन लावा. गाय बाकीच्या जनावरांपासून लांब बांधा.

पडलेलं वासरू आणि वार ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकायची सवय आपल्याकडं फार आहे, कुत्री ती गावभर ओढत नेतात आणि सगळ्यात जास्त जंतू त्यातच असतात. नमुना घ्यायचा का ते डॉक्टरांना विचारा, मग विहिरीपासून लांब चार-पाच फूट खड्डा घेऊन वर-खाली चुना टाकून पुरा. खालचा ओला चारा, शेण, माती तीही त्याच खड्ड्यात. जागेवर चुन्याची निवळी, फिनेल नाहीतर ब्लीचिंग पावडर. सावलीत ओलाव्याला हे जंतू कित्येक आठवडे टिकतात, कडक उन्हात लवकर मरतात, म्हणून जागा उन्हात उघडी पडेल असं बघा.

रक्त तपासायला देताना एक लक्षात ठेवा, गाभडल्यावर लगेच काढलेल्या रक्तात कधी कधी काहीच दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांनी परत काढायचं. आणि लस दिलेल्या जनावराचा रिपोर्टही काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकतो, तेव्हा लसीची नोंद जपून ठेवा.

आता दूध. धारोष्ण दुधानं अंगात ताकद येते हे आमची आजी सांगायची, तुमचीही सांगत असेल, पण निरसं दूध हाच माणसाकडं यायचा दुसरा मोठा रस्ता. माल्टा बेटावर इंग्रज सैनिकांना असाच ताप यायचा, त्यांच्याच लष्करातल्या डॉक्टर डेव्हिड ब्रूसनं १८८७ मध्ये जंतू शोधला पण तो येतो कुठून हे कळेना, १९०५ मध्ये झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टरला तो शेळ्यांमध्ये सापडला, आणि सैनिकांचं शेळीचं कच्चं दूध बंद केल्यावर ताप झपकन खाली आला. तेव्हा शेळीचं असो की गाई-म्हशीचं, उकळी आल्याशिवाय प्यायचं नाही, दही-लोणीसुद्धा उकळलेल्या दुधाचंच. खरवस नीट वाफवलेला असेल तर खुशाल खा.

या रोगावरची लस एस-१९, ती फक्त गाई-म्हशींच्या मादी वासरांना, ४ ते ८ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. गाभण जनावराला नाही, नराला तर नाहीच. २०१९ पासून केंद्राच्या रोगनियंत्रण कार्यक्रमात फुकट मिळते, वासरू चार महिन्यांचं झालं की तुम्हीच दवाखान्यात जाऊन मागा, घरी कुणी येईल म्हणून बसू नका. ही जिवंत जंतूंची लस आहे, वासरू धरताना सुई तुम्हाला टोचली तर तसंच पुसून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. नवीन गाय घेताना दलालाच्या शपथेवर जाऊ नका, रक्त तपासून घ्या आणि महिनाभर वेगळी बांधा. गावातल्या वळूकडं नेण्यापेक्षा रेतन बरं.

माणसाला ताप असेल तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की घरी जनावरं आहेत आणि एक गाभडलीय. औषध साधारण सहा आठवडे चालतं, बहुतेक डॉक्सिसायक्लिनसोबत दुसरं एखादं अँटिबायोटिक असतं, ताप दहा दिवसांत उतरला म्हणून सोडलं की परत उलटतो. पुरुषांत वृषण सुजतात, लाजून ते लपवू नका.

राहिली गाय. तिच्यावर औषधोपचार सहसा करत नाहीत, आणि गंमत अशी की पुढच्या वेताला ती बहुतेक नीट विते, मग सगळे म्हणतात बघ काही नव्हतं, पण दुधातून आणि विताना जंतू टाकतच असते. बाजारात नेऊन दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा सल्ला आम्हाला चार जणांनी दिला. आम्ही ती लिंबाखाली एकटी बांधली, तिची बादली वेगळी, धार सगळ्यांच्या शेवटी, मी काढतो, वडील तिकडं जात नाहीत.