पगाराचा आकडा सांगताना
मुलाखतीत ‘अपेक्षा किती?’ असं विचारलं की ‘सर, तुम्ही द्याल ते’ म्हणू नका; मग कमीत कमीच पदरात पडतं. आकडा सांगा, पण तो सीटीसीचा (म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाचा) की हातात येणारा, हे स्पष्ट करा. ६ लाखांच्या सीटीसीत बहुधा कंपनीचा पीएफचा वाटा (साधारण मूळ पगाराच्या १२ टक्के), ग्रॅच्युइटी आणि ‘कामगिरीनुसार’ मिळणारा बोनसही धरलेला असतो. म्हणजे महिन्याला ५० हजार खात्यात येतील हा हिशेब फसतो. ‘फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती?’ हे बिनधास्त विचारा, आणि ऑफर लेटरमध्ये तसंच लिहून घ्या.

मुलाखत घेणाऱ्यांनी जुनी पगाराची स्लिप मागण्याआधी स्वतःचं बजेट सांगावं. मुलींना ‘लग्न कधी करताय?’ असं विचारणं तर बंदच करा. त्याचा कामाशी काय संबंध?