एक मराठी पुस्तक देशोदेशीच्या अंध वाचकांपर्यंत कसे पोहोचवावे

माझी मावशी सत्तरीत पुण्याहून न्यू जर्सीला मुलाकडे राहायला गेली. तिथे डोळ्यांच्या पडद्याच्या आजारात तिची मधली नजर गेली. कडेचं दिसतं, पण ओळीवर डोळे टेकवले की नेमका तिथेच डाग. आयुष्यभर वाचत आलेल्या बाईचं वाचणंच थांबलं. इंग्रजी पुस्तकं ऐकायची तिथे चांगली सोय आहे आणि ती तिने घेतलीही. पण तिला हवं होतं मराठी, आणि तिला हवं होतं ते पुस्तक कोणाकडेच तयार नव्हतं. त्या एका पुस्तकापायी मी हे काम शिकले. तुम्हालाही करता येईल, म्हणून सगळं क्रमाने सांगते.

पहिली पायरी : हक्क कोणता, ते पाहून घ्या

२७ जून २०१३ रोजी मोरोक्कोतल्या माराकेश शहरात एक आंतरराष्ट्रीय करार झाला. अंध, अल्पदृष्टी असलेले, डिस्लेक्सियासारख्या अडचणीमुळे छापील मजकूर न वाचू शकणारे आणि शारीरिक अपंगत्वामुळे पुस्तक धरता न येणारे, या सर्वांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत, म्हणजे ऐकता येईल अशी, ब्रेलमधली किंवा मोठ्या अक्षरांतली प्रत, प्रकाशकाच्या परवानगीवाचून करता यावी आणि ती परदेशी पाठवता यावी, हे त्याचं सार.

परदेशी पाठवण्याची मुभा किती मोलाची, ते स्पॅनिशच्या उदाहरणावरून कळतं. करारापूर्वी स्पेनकडे एक लाखाहून जास्त सुलभ पुस्तकं होती, अर्जेंटिनाकडे साठ हजारांहून जास्त. चिली, कोलंबिया, मेक्सिको, निकाराग्वा आणि उरुग्वे या पाच देशांतल्या संस्थांकडे मिळून मात्र साडेआठ हजारांच्या आसपास. भाषा तीच, पुस्तकं तयार, वाचकही वाट पाहत होते, आणि मध्ये कॉपीराइटचं कुंपण.

ते कुंपण अंधांच्या संघटनांनी देशोदेशी झगडून काढायला लावलं. जागतिक अंध संघटनेने तयार केलेला मसुदा ब्राझील, इक्वाडोर आणि पॅराग्वे यांनी २००९ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेपुढे ठेवला. आपल्याकडे त्याच सुमारास वाचनाच्या हक्काची मोहीम उभी राहिली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र तिच्यात होतं, चेन्नईचे वकील राहुल चेरियन होते. २०१२ मध्ये आपला कॉपीराइट कायदा बदलला. चेरियन फेब्रुवारी २०१३ मध्ये गेले, करार झाला त्याच्या चार महिने आधी. तो त्यांनी पाहायला हवा होता, असं मला फार वाटतं. २०१४ मध्ये या कराराला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश ठरला. अमेरिकेत तो मे २०१९ पासून लागू आहे. त्यामुळे पुण्याहून न्यू जर्सीला अधिकृत संस्थेमार्फत सुलभ पुस्तक पाठवणं आज पूर्ण कायदेशीर आहे.

दुसरी पायरी : पुस्तक वाचकाला निवडू द्या

अंधांसाठी पुस्तक करायचं म्हटलं की आपला हात बोधपर नाहीतर धार्मिक पुस्तकाकडे जातो. मीही तेच सुचवलं होतं. मावशीला रहस्यकथा हवी होती. कोणतं पुस्तक हवं, ते ऐकायचं आहे, ब्रेलमध्ये हवं आहे की मोठ्या अक्षरांत, हे तिघाचौघा वाचकांना विचारा आणि त्यांचं ऐका.

मग ते आधीच तयार आहे का, ते शोधा. भारतात सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून चालू आहे. बाहेरच्या देशांतल्या ग्रंथालयांची सामायिक सूची एबीसी ग्लोबल बुक सर्व्हिसकडे असते. लेखकाचं नाव देवनागरीत टाकून पाहा आणि रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हांनी स्पेलिंग करूनही पाहा. एकच पुस्तक दोनदा टाइप होण्यात स्वयंसेवकांचे महिने वाया जातात.

तिसरी पायरी : संस्थेशी जोडून घ्या

आपल्या कायद्याप्रमाणे एखाद्या अपंग व्यक्तीच्या खासगी वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी सुलभ प्रत कोणीही करू शकतं. ती ग्रंथालयात जायची आणि सरहद्दीपार पोहोचायची, तर मात्र मध्ये अधिकृत संस्था लागते. अंधांसाठी नफ्याविना काम करणारी, शक्यतो डेझी फोरम ऑफ इंडिया या अशा संस्थांच्या संघाची सदस्य असलेली संस्था गाठा. एकट्याने सुरुवात करून शेवटी संस्था शोधू नका. कोणत्या प्रकारची फाइल चालते, हे पहिल्याच दिवशी कळलं तर पुढची दुरुस्ती वाचते.

फाइल व्हॉट्सॅपच्या गटांवर फिरवू नका, हेही इथेच सांगते. प्रत फक्त ज्यांना हक्क आहे त्यांच्यापर्यंत जावी आणि निर्मितीच्या खर्चापलीकडे पैसे घेऊ नयेत, या अटींवरच ही मुभा मिळाली आहे.

चौथी पायरी : प्रकाशकाला एक पत्र लिहा

परवानगी लागत नसली तरी लिहा. मूळ फाइल मिळाली तर स्कॅनिंगच टळतं. पण जुन्या मराठी पुस्तकांच्या डीटीपी फाइली बहुधा युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकाला अक्षर ओळखता येईल अशा प्रमाण पद्धतीत, नसतात. पडद्यावर अक्षरं देवनागरी दिसतात, आत इंग्रजी चिन्हांची रांग असते आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, तीच वाचतो. परिच्छेद कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच राहिला तर ठीक. भलती चिन्हं दिसली तर फॉन्ट कन्व्हर्टर वापरा आणि त्यानंतर सगळं पुस्तक वाचून काढा.

पाचवी पायरी : स्कॅन आणि दुरुस्ती

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो जाऊ द्यावा. पानं ३०० डीपीआयवर स्कॅन करा. पुस्तक काचेवर नीट दाबून धरा, नाहीतर शिवणीजवळच्या ओळी वाकतात आणि तिथली अक्षरं हमखास बिघडतात. चित्रातून मजकूर काढायला टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी जाणतं. गूगल ड्राइव्हमध्येही सोय आहे.

मग एकेक ओळ मूळ पुस्तकाशी ताडून पाहा. मराठीत चुका ठरावीक जागी होतात. रफार गळतो आणि ‘वर्षांनी’चं ‘वषांनी’ होतं. ‘घर’चं ‘धर’ होतं, ‘भात’चा ‘मात’. अनुस्वार उडतो. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द तुटलेलाच राहतो. डोळसाची नजर अशा चुकीवरून घसरत पुढे जाते, पण ऐकणारा तिथे अडखळतो.

पानाच्या माथ्यावरचं शीर्षक काढून टाकायला मी विसरले होते. मावशी फोनवर म्हणाली, “अगं, तो दार उघडतो आणि एकदम ‘प्रकरण चौथे, सत्त्याऐंशी’ असं येतं. मग पुढे आत कोण होतं ते कळतं.” वाक्याच्या पोटात पानाचा मथळा घुसला होता, आणि असं प्रत्येक पानावर. मथळे काढा. पान क्रमांक मात्र वेगळी खूण करून ठेवा. विद्यार्थ्याला संदर्भ द्यायला तो लागतोच.

सहावी पायरी : पुस्तकाला सांगाडा द्या

प्रकरणाचं नाव नुसतं ठळक करून भागत नाही, त्याला ‘हेडिंग १’ ही शैली लावा. मग स्क्रीन रीडर वापरणारा वाचक एका कळीने प्रकरणाप्रकरणावर जाऊ शकतो. चित्र असेल तर त्यात काय आहे ते दोन वाक्यांत लिहा. तळटीप परिच्छेद संपल्यावर घ्या.

फाइलची भाषा मराठी आहे, ही नोंद विसरू नका. अमेरिकेतल्या फोनचा आवाज इंग्रजी असतो. ही खूण नसेल तर तो देवनागरीवर गप्प बसतो किंवा काहीतरी भलतंच बोलतो. शेवटी ईपब किंवा डेझी या ई-पुस्तकांच्या प्रकारांपैकी संस्था सांगेल त्या रूपात जतन करा.

ब्रेल करायचं असेल तर जोडाक्षरं ब्रेल जाणणाऱ्याकडून तपासून घ्या. भारती ब्रेलमध्ये पाय मोडल्याची खूण अक्षराच्या आधी येते, आणि सॉफ्टवेअर तिथे चुकलं तर पूर्ण शब्द बदलतो. भारतीय भाषांची ही ब्रेल लिपी १९५१ मध्ये युनेस्कोच्या पुढाकारात ठरली, म्हणजे तीही देशोदेशीच्या लोकांनी एकत्र बसून घडवलेली.

सातवी पायरी : अंध वाचकाकडून तपासून घ्या

डोळस माणसाने तपासलेली फाइल अर्धीच तपासलेली असते. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियातल्या अंध प्रोग्रामरनी बनवला. तो संगणकावर घाला आणि नेहमी स्क्रीन रीडर वापरणाऱ्या वाचकाशेजारी बसून एक प्रकरण ऐका. फाइल योग्य झाली की नाही, हा निर्णय त्यांचा. संस्थेला जमत असेल तर या कामाचं मानधन द्या.

आठवी पायरी : परदेशी पाठवणे

संस्था पुस्तक ग्रंथालयात चढवते तेव्हा सूचीतली नोंद तुम्ही स्वतः बघा. लेखक आणि शीर्षक देवनागरीत आणि रोमनमध्येही हवं, कारण परदेशातल्या ग्रंथपालाला देवनागरी टाइप करता येईलच असं नाही. पुढे वाचकाने आपल्या देशातल्या संस्थेकडे मागणी करायची. अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसची अंधांसाठीची राष्ट्रीय सेवा आहे, ब्रिटनमध्ये आरएनआयबी ही अंधांसाठीची संस्था. त्याआधी तिथे वाचक म्हणून नोंदणी लागते, आणि घोडं बहुतेकदा इथेच अडतं. घरच्यांना नियम माहीत नसतात, आजी-आजोबांना इंग्रजी फॉर्म भरवत नाही. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनी एक दुपार हे फॉर्म भरून द्यायला बसावं, एवढंच माझं मागणं आहे. डोळ्यांच्या तपासणीचे कागद बरोबर आणायला सांगा.

वाचकांकडून चुकांची यादी येईल. फाइलवर आवृत्तीची तारीख घाला, दुरुस्त करा आणि संस्थेकडून जुनी काढून नवी चढवा. मावशीच्या पहिल्या यादीत एकेचाळीस चुका होत्या, खाली पुढच्या पुस्तकाचं नाव.