सॉफ्टवेअरच्या एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) नूतनीकरण: सुरुवात तक्रारींच्या वहीपासून

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर), हजेरीचे सॉफ्टवेअर, ड्रॉइंग विभागाची लायसन्स आणि बॅकअप अशा चार-पाच वार्षिक देखभाल करारांचे नूतनीकरण दरवर्षी माझ्या टेबलावरून जाते. पूर्वी विक्रेत्याचे प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (आगाऊ अंदाजी बिल) आले की मी ते मागच्या वर्षीच्या रकमेशी ताडून पाहत असे आणि वाढ दहा टक्क्यांच्या आत असली की पीओ (खरेदी आदेश) काढत असे. ही पद्धत चुकीची होती, कारण करार चालू ठेवावा का आणि कितीला, याचे उत्तर इन्व्हॉइसमध्ये नसून वर्षभराच्या तक्रारींच्या नोंदीत असते.

ही नोंद एखाद्या वहीत किंवा एक्सेलमध्ये ठेवली तरी पुरते. तीत तक्रारीची तारीख व वेळ, विक्रेत्याने दिलेला टिकिट (तक्रार) क्रमांक, विक्रेत्याचा पहिला फोन कधी आला आणि काम प्रत्यक्ष सुरळीत कधी झाले, एवढे रकाने असावेत. आमच्या एका वर्षाच्या वहीत 41 तक्रारी निघाल्या. त्यांपैकी 23 पासवर्ड आणि प्रिंटरच्या होत्या, ज्या आमच्याच कार्यालयातला मुलगा सोडवू शकला असता. 11 तक्रारींचे मूळ नव्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण न मिळण्यात होते. विक्रेत्याशिवाय सुटल्याच नसत्या अशा फक्त 7 होत्या, आणि त्यांतल्या दोन तक्रारी चार दिवसांहून जास्त रखडल्या होत्या. हा कागद समोर ठेवल्यावर आम्ही चोवीस तासांची महागडी योजना सोडून कार्यालयीन वेळेची योजना घेतली आणि वाचलेल्या पैशांच्या बदल्यात दुरुस्तीची मुदत करारात लिहून घेतली.

हे काम करार संपण्याच्या 90 दिवस आधी हाती घ्यावे. अनेक करारांत असे कलम असते की ठरावीक दिवस आधी, बहुधा 30 किंवा 60, लेखी नकार न कळवल्यास करार आपोआप पुढील वर्षासाठी वाढतो, आणि ही तारीख उलटल्यावर घासाघीस करण्यात काही अर्थ उरत नाही. त्याच वेळी युजरची संख्या मोजावी. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद न केल्यामुळे 25 युजरचे पैसे भरून 16 जण काम करत आहेत, हे चित्र सर्रास दिसते.

दर ठरवताना देखभाल शुल्क कोणत्या किमतीवर काढले आहे ते विचारावे. समजा लायसन्स 6 लाखांचे असेल आणि शुल्क 20 टक्के असेल, तर 1,20,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 1,41,600 रुपये होतात; मात्र विक्रेत्याने तुम्ही मोजलेल्या किमतीऐवजी आजची छापील किंमत धरली, तर टक्केवारी तीच राहूनही बिल फुगते. पुढील तीन वर्षांच्या वाढीची कमाल मर्यादा आताच लिहून घ्यावी.

करारात सर्वांत जास्त वेळ ‘प्रतिसाद’ आणि ‘निराकरण’ या दोन शब्दांवर द्यावा. ‘चार तासांत प्रतिसाद’ याचा अर्थ चार तासांत कोणीतरी फोन करील, एवढाच होतो; बिघाड प्रत्यक्ष दुरुस्त होणे म्हणजे निराकरण. नागपूरकरांनी प्रत्यक्ष भेटीचे कलमही बारकाईने वाचावे, कारण पुणे-मुंबईहून येणाऱ्या इंजिनिअरचा प्रवास आणि मुक्काम बहुतेक वेळा वेगळा आकारला जातो. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला, सर्व्हर खोलीचा एसी बंद पडला आणि डेटाबेस बिघडला, तर तो दोष हार्डवेअरचा की सॉफ्टवेअरचा यावर दोन विक्रेते दोन दिवस एकमेकांकडे बोट दाखवतात. डेटाबेस पूर्ववत करून देण्याची जबाबदारी कोणाची, हे म्हणूनच नाव घालून लिहावे.

कायद्यातील बदलांनुसार मिळणारे अपडेट शुल्कात धरलेले आहेत का, हेही पाहावे. 22 सप्टेंबर 2025 रोजी जीएसटीचे दर बदलले, तेव्हा हा प्रश्न अनेकांना बिल काढता काढता पडला. ज्या आवृत्तीसाठी पैसे भरतो आहोत ती कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते, हाही त्यातलाच भाग. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे.

करार खंडित होऊ देऊ नये. एकदा आम्ही पाच महिने नूतनीकरण टाळले आणि परत गेलो तेव्हा विक्रेत्याने त्या पाच महिन्यांचे शुल्क आणि वर दंड मागितला. कलम करारातच होते. मी वाचले नव्हते. बदली सॉफ्टवेअर तयार असेल तरच करार सोडावा, आणि सोडण्यापूर्वी आपला डेटा वापरता येईल अशा स्वरूपात काढून घ्यावा.

पैशांच्या बाबतीत, वर्षाचे एकरकमी आगाऊ देण्यापेक्षा तिमाही हप्ते बरे. विक्रेता उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर लेखी करार असला तरी पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि करार नसेल तर 15. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असल्यास टीडीएस मूळ रकमेवर कापला जातो. त्याचा दर कामाच्या स्वरूपावर ठरत असल्याने पीओ काढण्यापूर्वीच सीएला विचारावे.

शेवटी, कराराची मुदत 31 मार्चला संपत असेल तर ती हलवावी. त्या आठवड्यात हिशेब विभाग वर्षअखेरीत बुडालेला असतो, विक्रेत्याकडे फोन लागत नाही, आणि सॉफ्टवेअर बंद पडलेले तर अजिबात परवडत नाही. तीन महिन्यांचे प्रमाणशीर शुल्क भरून आम्ही आमची तारीख 30 जूनवर नेली. विक्रेत्याने एका ईमेलवर होकार दिला.