प्रेशर व्हेसलचं मटेरियल निवडताय? आधी हे बघा

प्रेशर व्हेसल, म्हणजे दाबाखाली वायू किंवा द्रव ठेवायची बंद टाकी, बनवायची म्हटलं की सगळे पहिल्यांदा प्लेटचा रेट विचारतात, पण आधी आत काय आहे, प्रेशर किती, जास्तीत जास्त आणि कमीत कमी टेंपरेचर किती हे कागदावर लिहा. कार्बन स्टीलसाठी एसए-५१६ ग्रेड ७० ही व्हेसलची प्लेट बहुतेकदा चालते. एएसएमई सेक्शन ८ डिव्हिजन १ (प्रेशर व्हेसलचा अमेरिकन कोड) नुसार तिचा अलाउएबल स्ट्रेस, म्हणजे डिझाइनमध्ये धरायचा जास्तीत जास्त ताण, साध्या तापमानाला १३८ एमपीए धरतात.

समजा १ एमपीए प्रेशर, आतली त्रिज्या ५०० मिमी, जॉइंट एफिशियन्सी (वेल्डची ताकद प्लेटच्या किती पट धरायची) ०.८५, म्हणजे स्पॉट रेडिओग्राफी, वेल्डचा थोडा भागच एक्स-रेने तपासलेला. गोल शेलची जाडी येते साधारण ४.३ मिमी, त्यात गंजासाठी १.५ मिमी धरली की ५.८, मग ६ ची प्लेट घ्यावीशी वाटते पण डिश एंड, म्हणजे टोकाचं घुमटासारखं झाकण, फॉर्म करताना पातळ होतो, म्हणून तिथे मी तरी ८ च घेईन.

व्हेसल कमी तापमानाला चालणार असेल तर यूसीएस-६६ बघाच!! कोणती प्लेट किती थंडीपर्यंत इम्पॅक्ट टेस्टशिवाय चालते, हे कोडचा हा भाग कर्व्हवरून सांगतो. हीच प्लेट नॉर्मलाइज्ड (तापवून हवेत थंड केलेली) असेल तर जास्त थंडी चालणारा कर्व्ह डी, नसेल तर कर्व्ह बी, आणि हा फरक खूप मोठा आहे, ठिसूळ होऊन फुटलेलं व्हेसल आधी इशारा देत नाही.

प्लेट आली की हीट नंबर (स्टीलच्या घाणीचा, म्हणजे बॅचचा नंबर) टेस्ट सर्टिफिकेटशी जुळवा, कापण्याआधी तो तुकड्यांवरही उतरवा. शेवटी हायड्रोटेस्ट, म्हणजे पाणी भरून दाबाची चाचणी, जास्तीत जास्त अलाउएबल प्रेशरच्या कमीत कमी १.३ पट.