हरवलेल्या दफनभूमीचा माग

गोव्यातल्या एखाद्या गावची जुनी ख्रिस्ती दफनभूमी रानात गडप झाली असेल, तर कोयता उचलण्याआधी कागद पाहावेत. चर्चची मृत्यू-नोंदवही आणि कोमुनिदादचे, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेचे, दप्तर बहुधा पोर्तुगीजमध्ये असते, तेव्हा ती भाषा वाचणारा माणूस सोबत असलेला बरा. मग भूमापन नकाशावरचा, मोठ्या जमिनीत वेगळा तोडलेला लहानसा तुकडा हेरून त्याचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारासारखा जमीनहक्काचा कागद, काढावा. त्यावर चर्चचे नाव निघाले तर माग पुष्कळ पुढे सरकतो. प्रत्यक्ष पाहणी मार्च-एप्रिलात, रान वाळल्यावर करावी. जांभ्या चिऱ्यांच्या गडग्याची सरळ ओळ आणि मोडक्या क्रुसाचा चौथरा शोधावा. जुना चाफा दिसला म्हणून हुरळू नये, तो देवळापाशीही असतोच. चिरे न हलवता छायाचित्रे घ्यावीत आणि मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपावेत.