रोजच्या सूर्यनमस्कारांची सवय कशी लावावी

नवी सवय जुन्या सवयीला जोडावी. सकाळी दात घासून झाले की लगेच सतरंजी अंथरावी आणि पहिल्या आठवड्यात, अंगात कितीही उत्साह असला तरी, दोनच सूर्यनमस्कार घालावेत. आरंभशूरपणा इथेच आवरावा लागतो. सतरंजी रात्रीच पलंगाजवळ काढून ठेवावी, कारण ती कपाटातून काढण्याचा कंटाळासुद्धा बेत मोडायला पुरेसा असतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्याचा काळ व्यक्तीगणिक १८ ते २५४ दिवस असा निघाला, म्हणून एकवीस दिवसांच्या प्रचलित हिशेबावर विसंबू नये. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. दुसऱ्या दिवशी दुप्पट नमस्कार घालून भरपाई करू नये, ठरलेले तेवढेच घालावेत.